कोंड्याच्या मोलाचं पोर

माझी चारही पोरं जगली, म्हणून शेजारणीने आपला नातू मला विकला.

एरवी मला कोणी शुभकार्याला बोलावत नव्हतं. नवरा लवकर गेला. विधवा बाई हळदीला नको, ओटी भरायला नको, मांडवात पुढे नको. धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, मात्र चालते, चिखलात वाकायला कोणीही चालतं. आणि लेकरं मरायला लागली की मीच पाहिजे. गोवर आला, हगवण आली, एका पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या कितीतरी आयांच्या मांड्या रिकाम्या झाल्या, पण माझ्या घरातून लेकरू गाडायला नेलं असं झालं नाही. मी काही वेगळं करत नव्हते. चारही काळी आणि चिवट, माझ्यासारखीच. पण बाया म्हणायच्या, "हिच्या घरचं यमालेही पचत नाही."

शेजारीण माझ्याच वयाची. पाच-सहा एकर धान, बैलजोडी, घरापुढे ओसरीसारखी मोठी सपरी, एकुलता मुलगा. सून भंडाऱ्याची, दहावीपर्यंत शिकलेली, रंगाने उजळ. तिची पहिली मुलगी हिवाळ्यात छाती भरून गेली. दुसरा मुलगा झाला, तोही हिवाळ्यातच गेला. त्या दुसऱ्यासाठी तिने स्वतः लाल लोकरीचं स्वेटर विणलं होतं. ते अंगात घातलं आणि आठवड्याच्या आत पोर गेलं. स्वेटरने पोर मरत नाही हे मला तेव्हाही कळत होतं. पण शेजारणीने ते धरून ठेवलं. धान पाखडताना, भाकरी वाढताना, पाहुण्यांसमोर ती सुनेला म्हणायची, "तुझ्या सुया गेल्या त्याच्या छातीत." सून ऐकून घ्यायची. शेजारणीचा मुलगा समोर बसून जेवत राहायचा.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरची ही वर्षं. आमचं गाव सिहोऱ्याकडचं, नदी ओलांडली की मध्य प्रदेश. गावात तोवर वीज होती, दोन-चार घरी टीव्ही होता, सिहोऱ्याला दवाखाना होता. तरी तिसऱ्या खेपेला मुलगा झाला तेव्हा शेजारीण पहिल्यांदा माझ्याकडे आली.

"तुले एक पोट्टं घ्याचं हाय," ती म्हणाली.

"फुकट असन तर नको," मी म्हटलं.

आमच्याकडची ही जुनी रीत आहे. ज्या घरी पोरं टिकत नाहीत, त्या घरचं पोर दुसरीला विकायचं. यम शोधत आला तर त्याला सांगता येतं की ते पोर या घरचं नव्हेच. सुईणीने पोर सुपात घातलं, सूप उंबऱ्याबाहेर नेऊन उकिरड्याच्या कडेला ठेवलं आणि ओरडली, "कोणी घेता का हे पोट्टं? कुरूप हाय, रोगट हाय, कोणाच्या कामाचं नाही!" मी ठरल्याप्रमाणे समोरून चालत आले. पदरात पायलीभर कोंडा होता.

"कोंड्याच्या वर काही देणार नाही," मी म्हटलं.

"दे बाई, घेऊन जा."

मी कोंडा ओतला आणि सूप उचललं. पोर झोपलेलं होतं. खरंच कुरूप होतं. मग मी वळून ते शेजारणीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "हे माझं पोट्टं. तुमच्याकडे पोसायले ठेवते." कोंडा तिच्या बैलांनी खाल्ला.

या सौद्याच्या अटी होत्या. तिसऱ्या वर्षी जावळ काढायचं, तोवर त्या घरातल्या कोणी पोराला 'आमचा' म्हणायचं नाही. त्याच्या अंगावर आणि अंगाखाली जे कापड येईल ते माझ्या घरातलं, माझं वापरलेलं. नवा धागा लागता कामा नये. नावही त्याचं कोंड्यावरून पडलं, ते इथे लिहीत नाही. शेजारीण त्याला 'म्हातारीचं पोट्टं' म्हणायची आणि मला 'मालकीण'. सगळे हसायचे. सून हसायची नाही.

पहिला हिवाळा निभावला. पोर अंगावर पीत होतं, आईच्या पोटाला चिकटून झोपायचं, वरून माझं एक फाटकं लुगडं पुरायचं. पण दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला ते चालायला लागलं, दात आले, भात खाऊ लागलं. शेजारणीने सुनेच्या छातीला कडुनिंबाचा पाला वाटून लावला आणि पोर तोडलं. तोडलं ते तोडलं, वरून त्याची बाज वेगळी टाकली.

"दुसऱ्याचं लेकरू कुशीत घेऊन झोपतेत का?" ती सुनेला म्हणाली. "मागच्या दोघांले लय कुशीत घेतलं होतं. काय झालं?"

दीड वर्षाचं पोर वेगळ्या बाजेवर. आमच्याकडे पौषात काय थंडी पडते ते इकडच्यांनाच माहीत. धान कापून झालेलं, शेताच्या बांध्या उघड्या, तलावावरून वारा येतो तो छपराच्या कवेलूंच्या फटींतून सरळ आत. बाजेवर शेजारणीने धानाचं तणीस, म्हणजे वाळला पेंढा, पसरलं होतं, त्यावर गोणपाट, त्यावर माझं लुगडं. खालून ऊब होती, ते तिने बरं केलं होतं. वरून काय? वरून माझं दुसरं लुगडं, चौपदरी करून. पण चालायला लागलेलं पोर झोपेतही चालतं. पांघरूण घातलं की लाथ. पुन्हा घातलं, पुन्हा लाथ. सकाळी पाहावं तर लुगडं जमिनीवर आणि पोर बेडकासारखं पाय पोटाशी घेऊन उघडं. बाजेखाली गोरसी ठेवून पाहिली, विस्तवाचं मातीचं भांडं असतं ते. धुराने पोर जास्त खोकलं. सून रात्री उठून पांघरूण घालायला गेली की अंधारातून सासूचा आवाज यायचा, "काय करून राहिली तठी?" भिंत एकच होती, मला ऐकू यायचं.

एका सकाळी शेजारीण आली. "मालकीण, तुझी वाकळ दे."

माझ्याकडे एकच वाकळ होती, जुन्या लुगड्यांची, जाड, मीच शिवलेली.

"मग मी काय पांघरू?"

"तुले काय होते? तुझ्या घरी यम येत नाही म्हणतेत ना."

"लेकरायसाठी येत नाही. म्हाताऱ्यायसाठी येते का नाही ते मी पाहिलं नाही अजून," मी म्हटलं. "आणि मी मेली तर पोट्टं कोणाचं होईन? तुझं. मग?"

यावर ती निघून गेली. वाकळ मी दिली नाही. दिली असती तरी पोर तिच्याखाली दबलं असतं, त्याच्याहून ती वजनाने जड होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सुनेची आई भंडाऱ्याहून एसटीने आली. तिने पोरासाठी ब्लँकेट आणलं होतं. तशी ब्लँकेटं तेव्हा नवी निघाली होती, मऊ केसाळ, वर वाघाचं चित्र. प्लास्टिकच्या पिशवीत, चेन लावलेली. तिने ते सपरीत उघडलं आणि गल्लीतल्या सगळ्या बाया हात लावायला जमल्या. मीही लावला. असं काही मी आधी हातात धरलं नव्हतं.

शेजारणीने हात लावला नाही. ती म्हणाली, "यमाले वाघ दाखवून राहिली का बाई? म्हणजे इथं पोट्टं हाय हे त्याले दुरूनच दिसन."

"अवो, लेकराले हिव लागते," सुनेची आई म्हणाली.

"मागच्याले कुठं हिव लागत होतं? त्याच्या अंगात तर सुटर होतं."

सुनेच्या आईने सुनेकडे पाहिलं. सून पायाच्या अंगठ्याने सारवण उकरत होती. ती बाई संध्याकाळच्या गाडीने परत गेली, पण ब्लँकेट ठेवून गेली. ते दांडीवर टांगलं गेलं, पिशवीसकट. खाली पोर कुडकुडत होतं आणि वर वाघ.

वाट मीच काढली. मी म्हटलं, "नवं चालत नाही ना? मग मी ते जुनं करून देते. माझ्या घरी राहिलं, माझ्या अंगावर राहिलं की माझं झालं. मग द्या पोट्ट्याले."

शेजारणीने विचार केला. ती मूर्ख बाई नव्हती. दोन नातवंडं गाडलेली बाई होती, आणि तिसऱ्याला वाचवायचं तिचं जे काही होतं ते तिने मनापासून चालवलं होतं. ती म्हणाली, "पण नावाले अंगावर घेतलं असं नको. यमानं हुंगलं तर त्याले म्हातारीचा वास आला पाहिजे. मी पाहीन. वास आला की मग."

तर अशा रीतीने पोराचं ब्लँकेट मी पांघरायला लागले.

खरं सांगायचं तर इतकी चांगली झोप मला कितीतरी वर्षांत लागली नव्हती. वाकळ जड असते, अंग दाबते, पण पहाटे गार होते. हे हलकं, आणि घेतल्याबरोबर गरम. पहिल्या रात्री मी घामाघूम झाले. भिंतीपलीकडे पोर खोकत होतं ते ऐकू येत होतं. मी उठून बसले नाही. उठून बसल्याने त्याला ऊब मिळणार नव्हती, आणि जितकं मी त्यात जास्त झोपीन तितका वास लवकर लागेल असा हिशोब होता. म्हणून झोपले.

शेजारीण रोज सकाळी येऊन ब्लँकेट हुंगायची. नाक अगदी आत खुपसून.

"नाही. अजून दुकानाचाच वास येते."

"नाक साफ कर तुझं."

"मले काय वास समजत नाही? पिलॅस्टिकचा वास हाय हा."

दुसऱ्या सकाळी तेच, त्यापुढच्या सकाळी तेच. ते नव्या तऱ्हेचं कापड अंगाचा वास धरतच नव्हतं. आमचं सुती लुगडं एका दिवसात माणसाचं होतं. हे तसं नव्हतं. शेजारणीने त्यातून वेगळाच अर्थ काढला. म्हणाली, "पाहा, हे तुझं व्हाले तयार नाही. कपड्यालेही समजते पोट्टं कोणाचं हाय ते. घातक हाय हे."

मधल्या काळात पोराचा खोकला छातीत उतरला. सून त्याला घेऊन सिहोऱ्याच्या दवाखान्यात गेली, मीही सोबत गेले. डॉक्टर तरुण होता. त्याने पोराच्या अंगावरचं लुगड्याचं फडकं दोन बोटांनी उचललं.

"एवढ्या थंडीत हे? स्वेटर नाही का घरी?"

सुनेने आपला पदर पोराच्या पायांवर ओढला.

"पायांत मोजे नाहीत, डोक्याला टोपी नाही. शिकलेल्या दिसता तुम्ही. पोराला न्युमोनिया करायचा आहे का?"

रांगेतल्या बाया पाहत होत्या. एक हळूच दुसरीला म्हणाली, "अंगावर तर चांगलं पातळ हाय इच्या." सुनेने औषधाची बाटली घेतली आणि मान खाली घालून बाहेर आली. ती डॉक्टरला काय सांगणार? की पोर माझं नाही, म्हातारीचं आहे? तो बरोबरच बोलत होता. रस्त्यात तिने एकदाच तोंड उघडलं.

"मावशी, तुम्ही झालं म्हणा ना जुनं."

"मी म्हणून काय होते? तुझी सासू हुंगते ना."

"काहीतरी करा जी."

मी केलं. घरी आल्यावर ब्लँकेट चुलीवर धुरात धरलं. माझ्या डोक्याचं जवसाचं तेल त्याला चोळलं. रात्री ते माझ्या बकरीखाली टाकलं. सकाळी शेजारीण आली, हुंगलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"बकरीचा वास येते."

"मग? माझीच बकरी हाय."

"मले फसवता येईन. त्याले फसवता येईन का?" ती म्हणाली.   तिने ब्लँकेट माझ्याकडे फेकलं नाही, नीट घडी करून दिलं. "मालकीण, खेळ नको करू. माझ्यापाशी आता दुसरं पोट्टं नाही."

त्या दिवशी संध्याकाळी मी धानाच्या कोठीवरून परत येत होते. मजुरीचे तांदूळ पदरात होते. शेजारणीच्या आवारात चार-पाच माणसं उभी दिसली. आत गेले तर पोर सपरीत उताणं ठेवलेलं. श्वास असा चालला होता की फासळ्यांखाली खळगा पडत होता. औषधाची बाटली अर्धी होती. शेजारणीने दिव्यावर बिब्बा तापवायला धरला होता. पोराच्या पोटावर त्याचा चटका द्यायचा, म्हणजे छाती मोकळी होते असं आमच्याकडे जुनी माणसं मानतात. माझ्या सासूने माझ्या थोरल्याला असाच द्यायला काढला होता, तेव्हा मी तिच्या हातातून बिब्बा हिसकावून चुलीत टाकला होता. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. थोरला नागपूरला आहे, आता त्यालाच सुना येतील.

सून खांबाला टेकून उभी होती. तिच्या नवऱ्याने पोराचे पाय धरले होते.

मी सपरीवर चढले. "कोणाच्या पोट्ट्याले डाग देऊन राहिली?"

"बाजूले हो."

"कोणाचं पोट्टं हाय ते सांग आधी."

"आता हे बोलाची वेळ हाय का?"

"हेच बोलाची वेळ हाय. तुझं हाय का? मग म्हण. इतक्या लोकायसमोर म्हण, हा माझा नातू हाय. म्हण आणि दे डाग. मी जाते."

शेजारणीच्या हातातला बिब्बा तडतडत होता.  ती आजूबाजूला पाहायला लागली, माणसांकडे नाही, छपराकडे, दाराकडे, जसं कोणी ऐकायला बसलं आहे.

"म्हण ना," मी म्हटलं. "कोंडा देते परत. आत्ता मोजून देते. बोल, कोणाचा?"

कोणी हसलं नाही. तिचे ओठ हलले पण शब्द आला नाही. ती अशी उभी राहिली की मला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. मला ते पोर उचलायचं होतं आणि त्यासाठी तिला तिथेच, सगळ्यांसमोर, मुकं करणं भाग होतं. मी केलं.

"तुझं हाय," शेवटी ती पुटपुटली.

"मोठ्यानं."

"म्हातारीचं हाय! म्हातारीचं पोट्टं हाय!" ती ओरडली आणि बिब्बा अंगणात फेकला.

मी पोराच्या बापाकडे पाहिलं. त्याने पाय सोडले. मी पोर उचललं. ते तापलेलं होतं, पण पाय बर्फासारखे. "आजपासून माझं पोट्टं माझ्या घरी झोपन," मी म्हटलं. "माझ्या घरात मी त्याले वाघ पांघरीन नाहीतर हत्ती. माझ्या घरच्या लेकराले नवं चालते, चारही जणांले चाललं."

सून खांबापासून पुढे आली. मी घराकडे वळले तशी ती मागे यायला लागली. तेवढ्यात शेजारणीचा आवाज आला. आता तिला शब्द सापडले होते.

"तू कुठं चालली? तुझा वास नाही लागला पाहिजे त्याले. मालकीण घेऊन जाऊन राहिली ना? तू त्या घरचा उंबरा रात्री ओलांडला तर माझ्या घरी येऊ नको."

सून थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यासाठी भांडू शकले असते. तोंड माझ्याकडे होतं, वेळही माझी होती. पण मला पोर मिळालं होतं. त्यावर आणखी आई मागितली असती तर शेजारणीने दोन्ही परत मागितलं असतं. मी सुनेला म्हटलं, "दिवसा ये. संध्याकाळी जा." ती तिथेच उभी राहिली. सकाळी तिचा नवरा सायकलवर आम्हाला दवाखान्यात घेऊन गेला, डॉक्टरने सुई दिली, पुढेही रोज बोलावलं. सून सायकलमागून चालत आली.

पोर आणलं त्या रात्रीपासून मी जे केलं ते मी माझ्या चारही पोरांना केलेलं आहे, त्यात काही अक्कल लागत नाही. जमिनीवर तणीस जाड पसरायचं, वारा खालून येतो म्हणून भिंतीपासून दूर. त्यावर गोणपाट. पोराला पोटाशी घ्यायचं, त्याची पाठ आपल्या पोटाला, आणि लुगड्याचा पट्टा दोघांच्या कमरेवरून घेऊन गाठ मारायची, ढिली, श्वासाला जागा ठेवून, पण पोर सुटणार नाही अशी. त्याचं तोंड कधी झाकायचं नाही. त्याचे पाय आपल्या मांड्यांमध्ये. मग वरून पांघरूण, या खेपेला ते वाघाचं. आता मारू दे लाथा. त्याने मारल्या. पहिल्या रात्री त्याने माझ्या हाताला चावा घेतला, रक्त आलं, आणि "माय, माय" करून रडलं. भिंतीपलीकडे सून जागी होती. तिने बांगड्यांचा हात भिंतीवर ठेवल्याचा आवाज आला. पोराने तो ऐकला आणि आणखी जोराने रडलं.

"हात काढ," मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं. "तुझ्या आवाजानं ते झोपत नाही."

आवाज बंद झाला. पोर थकून झोपलं. रात्रभर त्याची छाती माझ्या हाताखाली घरघरत होती आणि मी पाहत होते, घरघर खाली उतरते का वर येते. त्याचे पाय पहाटेपर्यंत गरम झाले. त्या रात्री तेवढंच मिळालं, पाय.

सकाळी सून आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. तिने पोराला घेतलं, त्याच्या डोक्यात नाक घातलं. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही त्याले पोटाशी बांधून झोपता?"

"हो."

"मलेही ते येते जी," ती म्हणाली. "मी पण बांधलं असतं."

"बांधू कोण देत होतं तुले?"

तिने पोराला खांद्यावर घेतलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी नीट बोलली नाही. औषध आणून द्यायची, भात आणून द्यायची, पोराचे फडके धुवायची, आणि माझ्याकडे असं पाहायची जसं मीच त्याला तोडलं. मला त्याचं काही वाटलं नाही. आभाराने पोराची छाती मोकळी होत नाही.

छाती मोकळी व्हायला वेळ लागला. कधी वाटायचं झालं, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा घरघर. संक्रांत गेली. त्या पोराची मला सवय झाली असं मी म्हणणार नाही. माझं अंग आखडायचं, कूस बदलता येत नव्हती, ते रात्री मुतायचं आणि मला त्याच ओल्यात पहाट करावी लागायची, कारण उठून बदलावं तर गार वारा. एकदा मी त्याच्या ढुंगणावर चापट मारली. पण ते वाढलं. गालावर मांस आलं. संध्याकाळ झाली की ते आपणच भिंत धरून माझ्या दाराशी यायचं आणि "बुढी, बांध" म्हणायचं. बाया हसायच्या. शेजारीण आपल्या सपरीवरून म्हणायची, "पाहा, मालकिणीले ओळखते." तिला आनंद होता. तिचा डाव जमला होता. सून तेव्हा भांडी घासत असायची, ती वर पाहायची नाही.

महाशिवरात्र झाली, हिव ओसरलं. मोहाची फुलं खाली पडायला लागली, पहाटे माणसं ती वेचायला जायला लागली. तशी एका संध्याकाळी सून माझ्या दारात आली. पोर माझ्या मांडीवर होतं.

"आता मी नेते त्याले," ती म्हणाली. "रात्री पण."

"सासूले विचारलं?"

"नाही विचारलं. माझ्या कुशीत झोपन तो. काय म्हणाचं ते म्हणू द्या."

तिच्या तोंडावर मी आधी न पाहिलेलं काहीतरी होतं. हे तोंड तिने पौषात काढलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं मी म्हटलं नाही. तिने पोराला उचललं. त्याने माझ्या लुगड्याचा काठ मुठीत धरला.

"सोडा त्याले मावशी."

"मी कुठं धरून बसली? त्यानं धरलं हाय."

तिने त्याची बोटं एकेक करून उघडली. छोटी बोटं, पण घट्ट. पोर किंचाळायला लागलं. ती त्याला काखेत घेऊन गेली, ते तिच्या खांद्यावरून माझ्याकडे हात करत होतं. शेजारणीने सपरीवरून विचारलं, "काय झालं गा, मारलं का कोणी?" आणि सुनेने पहिल्यांदा तिला उत्तर दिलं, "तुम्ही बसा जी चुपचाप."

रात्री दिवा विझवल्यावर त्याचं रडणं सुरू झालं. आईजवळ होतं, पोटाशी बांधलेलं होतं, तरी "बुढी, बुढी" करत होतं. सून आधी गाणं म्हणत होती, मग समजावत होती, मग तिने एक धपाटा घातला तो ऐकू आला, मग तीही रडायला लागली. दोघं रडत होती. मध्येच ती भिंतीकडे ओरडली, "येऊ नका जी तुम्ही! सांगून ठेवते!"

मी जाणारच नव्हते. मी कान देऊन ऐकत होते ते वेगळंच. रडताना पोर श्वास आत ओढतं, तेव्हा छातीत कफ असला तर शिट्टी वाजते. मी शिट्टी ऐकत होते. त्याने कितीतरी वेळा श्वास ओढला, लांब, जोराने, आवाज अगदी कोरडा आणि साफ. मग मी माझी वाकळ अंगावर ओढली, आणि ते रडत असतानाच मला झोप लागली.